शिवजयंती : ‘वद्य’, ‘जयंती’ आणि ‘तिथीप्रमाणे’

दादरकर :
शिवजयंतीच्या फलकावर ‘फाल्गुन कृष्ण ३’ लिहायचं की ‘फाल्गुन वद्य ३’? ‘जयंती’ऐवजी ‘जन्मोत्सव’ लिहा असाही आग्रह होतोय. आणि पुढे कंसात ‘तिथीप्रमाणे’ हवंच का?

गिरगावकर :
‘वद्य’ लिहा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे होळीनंतरची हीच तृतीया तिकडच्या पंचांगात चैत्र कृष्ण तृतीया होते. ‘फाल्गुन कृष्ण’ वाचलं की तिकडचा माणूस महाशिवरात्रीचा पंधरवडा धरतो, म्हणजे महिनाभर आधीचा. ‘वद्य’ म्हटलं की मराठी पंचांग बोलतंय हे कळतं.

शब्दाची घडणही पाहण्यासारखी आहे. कृष्णपक्षाला ‘बहुल’ म्हणत. बहुल पक्षातला दिवस, त्याचा संक्षेप ‘ब. दि.’, त्यावरून ‘वदि’ आणि मराठीत ‘वद्य’. तसंच शुक्लपक्षाच्या ‘शु. दि.’वरून ‘शुदि’ आणि पुढे ‘शुद्ध’, असं सांगतात. त्यामुळे या ‘शुद्ध’चा पावित्र्याशी संबंध नाही आणि ‘वद्य’ अशुभही नाही. हा गैरसमज आता जायला हवा.

मुलुंडहून :
‘जयंती’ बिनधास्त लिहा. ‘जयंती फक्त निधन पावलेल्यांची, म्हणून हनुमान जयंती चूक’ हा संदेश दर चैत्रात फिरतो, पण त्याला आधार नाही. धर्मशास्त्रात ‘जयंती’ म्हणजे श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र आलं की होणारा योग. कृष्णजन्मावरून तो शब्द राम, नृसिंह, हनुमान यांच्याकडे गेला आणि मग ऐतिहासिक व्यक्तींकडे. मृत्यूचा अर्थ त्यात कुठेच नाही. जिवंत माणसाला आपण ‘वाढदिवस’ म्हणतो ती रूढी, व्युत्पत्ती नव्हे.

दादरकर :
म्हणजे तिथीवाले १६२७ मानतात आणि तारीखवाले १६३०, असंच ना?

गिरगावकर :
नाही, इथेच सगळ्यांची गल्लत होते. वाद दोन आहेत आणि ‘तिथी की तारीख’ या एका नावाखाली ते एकत्र झालेत.

जुना वाद शकाचा. चिटणीस बखरीत जन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, पुढे आणली. तिच्यात शके १५५१, शुक्ल नावाचं संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आहे. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही हाच शक आणि हीच तिथी. दोन स्वतंत्र साधनं जुळतात आणि गणिताने वारही शुक्रवारच येतो, म्हणून ही नोंद भक्कम. तरी वैशाखातला उत्सव पुढे कित्येक वर्षं चालला, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० स्वीकारल्यावर सरकारी शिवजयंती २००१ पासून फेब्रुवारीत आली.

दुसरा वाद त्यानंतरचा. फाल्गुन वद्य तृतीया आणि १९ फेब्रुवारी हा एकच दिवस, पण दरवर्षी पाळायचा कुठल्या मापाने? सुट्टी १९ फेब्रुवारीला. शिवसेनेने तिथीचा आग्रह धरला, त्यामुळे मुंबईत मिरवणुका आणि फलक दोन्ही दिवशी दिसतात. तिथी सरकते ती अशी : २०२३ ला १० मार्च, २०२४ ला २८ मार्च, २०२५ ला १७ मार्च. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून साधारण ११ दिवस मागे. मध्ये अधिक मास आला की पुढे उडी, जसा २०२३ चा अधिक श्रावण.

मुलुंडहून :
एक भर. १९ फेब्रुवारी ही ज्यूलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन मापाने तो दिवस १ मार्च १६३०. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. त्यामुळे ‘तारीख पक्की, तिथी हलती’ हे म्हणणंही पुरतं खरं नाही.

शकाचं गणितही नीट करा. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९. सरसकट ७८ मिळवले की १५५१ चं १६२९ होतं. छापील पत्रिकांत ही चूक सर्रास सापडते. उलट्या बाजूनेही तेच : मार्च २०२५ मधल्या फाल्गुनाला शके १९४६, १९४७ नव्हे. १९४७ गुढीपाडव्याला लागला.

गिरगावकर :
कंसातल्या ‘तिथीप्रमाणे’बद्दल : तिथी लिहिली की तो शब्द व्याकरणाला नको असतो. मी काढला असता.

मुलुंडहून :
मी ठेवीन. रस्त्यावरून जाणाऱ्याला फेब्रुवारीतली सुट्टी आठवत असते, त्याला मार्चमध्ये पुन्हा शिवजयंती कशी हे त्या एका शब्दाने कळतं. फक्त ‘तिथी प्रमाणे’ असं तोडू नका. ‘प्रमाणे’ हे शब्दयोगी अव्यय आहे, ते जोडूनच. ‘तारखेप्रमाणे’ही तसंच, ‘तारीखप्रमाणे’ नको.

दादरकर :
मग असं करतो : ‘शिवजयंती (तिथीप्रमाणे), फाल्गुन वद्य तृतीया, शके १९४६, सोमवार, १७ मार्च २०२५’.

गिरगावकर :
बरोबर. ‘तृतीया’तला ‘ती’ दीर्घ आहे, छपाईआधी तेवढा पाहून घ्या.