अनुभव धागा: हँडबेल महोत्सवात तुमच्या वाट्याला कोणते स्वर आले?

हँडबेल महोत्सवाहून आलेल्या माणसाला 'कसं झालं?' विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: शेकडो बेल्स एकदम वाजल्या, अंगावर काटा आला. काटा येतो, मान्य. पण बाकीचं राहूनच जातं, म्हणून हा धागा. हातात कोणत्या बेल्स होत्या, काय दुखलं, काय ऐकू आलं आणि काय आलंच नाही, ते लिहा. कौतुकच करायला हवं असं नाही.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: हँडबेल म्हणजे मुठीला धरून वाजवायची घंटा, एका घंटेचा एकच स्वर. तीन सप्तकांचा संच ३७ बेल्सचा, पाच सप्तकांचा ६१ चा. एकेका वादकाकडे साधारण दोन शुद्ध स्वर आणि त्यांचे कोमल-तीव्र. महोत्सवात अनेक चमू आपापले संच, टेबलं आणि फोमच्या गाद्या घेऊन येतात. रचना आधी कळवलेल्या असतात, जो तो त्या बसवून येतो आणि तिथे एकच कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून हाताने ताल देणारा, सगळ्यांना एकत्र वाजवतो. आलेले प्रतिसाद खाली, प्रत्येक वेगळ्या माणसाचा.

मधल्या टेबलावरून

माझ्याकडे सी ५ आणि डी ५ (पाश्चात्त्य स्वरनावं, आकडा सप्तकाचा). स्कोअरमध्ये, म्हणजे स्वर लिहिलेल्या कागदावर, हे दोन्ही पाच रेषांच्या खाली लोंबकळत असतात, कारण हँडबेलचं संगीत प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक खाली लिहितात. डाव्या हाताचे स्वर निळे, उजव्याचे लाल असे मी रंगवून ठेवते. त्या दोन रंगांपलीकडचं पान मला दिसतच नाही.

बेल वाजवणं सोपं आहे. मनगटाचा हलका झटका, हात पुढून वर गोलाकार, झालं. कठीण आहे ती वेळेवर थांबवणं. काठ खांद्याला टेकवला नाही तर आधीचा स्वर पुढच्यात मिसळतो आणि सगळी सुरावट गढूळ होते. घरी सराव करायचा तरी कसला? दोन स्वरांची चाल होत नाही. मी हातात काहीच न घेता मात्रा मोजायचे आणि नुसतीच खांद्याला हात लावायचे. घरच्यांना वाटलं खांदा आखडलाय.

महोत्सवात पाहुण्या कंडक्टरने पहिल्याच तालमीत आमची पाठ झालेली गती जवळजवळ निम्मी केली. सगळ्या हॉलमध्ये पेन्सिली चालू! एक सांगते, शाईने खुणा करून जाऊ नका.

खर्जवाला

सगळे नाजूकपणाबद्दल लिहितील, म्हणून आधी वजनाबद्दल. खालच्या काशाच्या बेल्स काही किलोंच्या असतात आणि दिवसभर उचलायच्या असतात. शेजारच्या चमूकडे ॲल्युमिनियमच्या होत्या, आकाराने चांगल्याच मोठ्या पण हलक्या. मला हेवा वाटला, आवाज ऐकल्यावर थोडा कमी झाला.

खर्जाची बेल बोलायला जरा उशीर लावते. म्हणून हात ठोक्याच्या किंचित आधी निघावा लागतो. हे कुणी शिकवत नाही, शेजारी उभं राहून अंगात येतं. रचनाकार दयाळू असला तर मध्येच मॅलेटने (छोट्या हातोडीसारख्या काठीने) वाजवायचे स्वर लिहितो. बेल गादीवरच राहते, तेवढीच दंडांना उसंत.

वरच्या टोकाची

इथे एका हातात दोन बेल्स. कसं जमतं हे सगळे विचारतात. हँडबेलमधला लोळा चहूकडे हलत नाही, एकाच रेषेत पुढे-मागे जातो. दोन बेल्सच्या मुठी एकमेकींत अशा आडव्या-उभ्या अडकवायच्या की एकीचा लोळा नेहमीच्या झटक्याने वाजेल आणि दुसरीचा बाजूला ठोकल्यासारखं केल्यावर. दोन हातांत चार स्वर, चारही वेगवेगळे. महोत्सवातल्या कार्यशाळेत हे शिकले. तोवर मी बेल्स सारख्या ठेवत-उचलत होते.

शेवटच्या रांगेतून

थोडा विरोधी सूर लावतो. सामूहिक वादन संगीत म्हणून मला अर्धंच पटतं. आवाजाला ३४ मीटर जायला दशांश सेकंद लागतो. एवढ्या लांबीच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेवर कान ठेवून वाजवलंत की तुम्ही उशिरा आलातच. म्हणून कंडक्टर बजावतो, ऐकू नका, बघा. वाद्य वाजवताना ऐकायचं नाही, हे मला जड गेलं. जलद ताना तर धुरकट होतात.

मात्र सगळ्यांनी मिळून बेल गादीवर आपटून वाजवायचा तो बुटका, कोरडा ठोका, मार्टेलाटो, किंवा काहीच न थांबवता सगळे स्वर घुमू द्यायचे ते शेवटचे सूर, हे दहा-बारा जणांच्या चमूकडून कधीच मिळणार नाही. माझी खरी आवड एकेका चमूच्या स्वतंत्र कार्यक्रमाची. महोत्सवाला जाल तर तो चुकवू नका, लोक नेमके तेव्हाच फिरायला जातात.

बाजूच्या खोलीत सापडलेला

मला तिथे चेंज रिंगिंग भेटलं. तीन माणसं, प्रत्येकाकडे दोन बेल्स, समोर कागद नाही. चाल नसतेच. सहा बेल्सचा क्रम दर फेरीला बदलत जातो आणि एकही क्रम पुन्हा यायचा नाही. असे ७२० क्रम होतात, सात बेल्स घेतल्या तर ५०४०. हँडबेलचा मूळ उपयोग हाच: इंग्लंडमधले चर्चच्या मनोऱ्यावरचे घंटावादक खाली बसून सराव करायचे. विल्टशरमधल्या ऑल्डबोर्नच्या कोर बंधूंनी सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावर या बेल्सना आकार दिला. अमेरिकेत हे रुजवण्यात बॉस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ यांचा मोठा वाटा, तिथली वादकसंघटना १९५४ ची. ब्रिटनमधली १९६७ ची. आमच्या टेबलांवरच्या सुरेल रचना हे नंतरचं प्रकरण. त्या तिघांसमोर आपण फारच आरामात वाजवतो असं वाटलं.

वाजवत नाही, वाहून नेते

मी चमूची हमाल. कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते: हातमोजे घाला. घामाने काशावर बोटांचे डाग उमटतात आणि ते पुसायला रात्री मीच असते. खर्जवाल्यांनी आपल्या पेट्या स्वतः उचलाव्यात, दंड तयार झालेलेच आहेत. आणि आवरताना शेजारच्या चमूची बेल आपल्या पेटीत येऊ शकते, एकाच बनावटीच्या असल्या तर ओळखू येत नाहीत. निघण्याआधी आपल्या मुठींना रंगीत दोरा बांधा, परतताना कप्पे मोजा, मग गाडी सुरू करा.