‘विप्लव’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: बंगालच्या पाल घराण्याच्या पडत्या काळावरचा एक बंगाली लेख मराठीत आणतोय. ११व्या शतकाच्या उत्तरार्धात वरेंद्रीत, म्हणजे उत्तर बंगालात, कैवर्त उठले. पाल राजा दुसरा महीपाल लढाईत मारला गेला आणि दिव्य, रुदोक, भीम अशा तिघा कैवर्तांनी एकामागून एक तिथे राज्य केलं. लेखात कुठे ‘विद्रोह’ आहे, कुठे ‘विप्लव’. विद्रोही म्हटलं की आपल्याकडे साहित्य संमेलन डोळ्यांपुढे येतं! मग विप्लव तसाच ठेवू का? शिवाय कैवर्त म्हणजे कोळी ना? मग हा शेतकऱ्यांचा उठाव कसा?

प्रतिसाद: कैवर्त तुम्ही लहानपणी म्हटलाय. गीताध्यानात ‘रणनदी कैवर्तकः केशवः’ येतं, तो नावाडी. अमरकोशात ‘कैवर्ते दाशधीवरौ’ आहे. हिंदीतला केवट याच कुळातला. पण बंगालात पुढे त्यांचे दोन भाग दिसतात: जाळं टाकणारे जेले आणि नांगर धरणारे हेले. त्यामुळे नाव पाण्यातलं असलं तरी माणसं शेतातली असू शकतात. ‘कोळी’ करू नका, वाचक थेट वेसाव्याला पोचेल. कैवर्तच ठेवा.

प्रतिसाद: विप्लवात ‘प्लु’ धातू आहे, तरंगणे, वाहणे. गीतेतल्या ‘ज्ञानप्लवेनैव’मधला प्लव म्हणजे तराफा. विप्लव म्हणजे सगळं वाहून जाणं, दाणादाण. नावाड्यांच्या उठावाला शब्द असा मिळावा, ही गंमतच. आजच्या बंगालीत त्याचा अर्थ सरळ ‘क्रांती’, पण संध्याकर नंदीने ‘रामचरित’ काव्यात याच घटनेला धर्मविप्लव म्हटलंय ते अनर्थ या अर्थाने. महीपालाचा भाऊ रामपाल, ज्याने पुढे भीमाला हरवून वरेंद्री परत घेतली, त्याचे सांधिविग्रहिक, म्हणजे तह-युद्ध पाहणारे मंत्री, होते नंदीचे वडील. तो दुसरं काय म्हणणार! काव्य सगळं श्लेषाचं. एकच श्लोक रामालाही लागतो आणि रामपालालाही. भीम झाला रावण, हातची गेलेली वरेंद्री झाली सीता. तिला शब्द वापरलाय ‘जनकभू’: जनकाची लेक, आणि बापाची जमीन. दिव्याला तो ‘उपधिव्रती’ म्हणतो, म्हणजे कपटाचं व्रत घेतलेला. तेव्हा जुन्या उताऱ्यात विप्लव आणि आजच्या लेखकाच्या वाक्यात विप्लव, दोन्हींना एकच मराठी शब्द लावलात तर फसाल.

प्रतिसाद: मग सरळ ‘बंड’ म्हणा की.

प्रतिसाद: बंड एकवेळ चालेल, बंडखोर नको. लाचखोर, चहाडखोर, भांडखोर यांच्या पंगतीत बसतो तो. आपल्याकडे १८७५ साली सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्याला सरकारी कागदांत ‘दंगे’ म्हटलं. अजूनही पुस्तकांत ‘दख्खनचे दंगे’च छापतात. उलट ‘क्रांती’ही मला जड वाटते. दिव्य स्वतः पालांच्या चाकरीतला बडा अधिकारी होता, आणि हे सामंतांचं बंड की शेतकऱ्यांचं, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे.

प्रश्नकर्ता: आभार. लेखकाच्या निवेदनात ‘उठाव’ घेतो, नंदीच्या उताऱ्यात विप्लव तसाच ठेवून खाली टीप देतो. ‘जनकभू’साठी मात्र अडलोय. ‘माहेर’ घालून पाहिलं, सीतेला चाललं, पण रामपालाला माहेर कुठलं?

प्रतिसाद: ‘वडिलार्जित’ पाहा. जमिनीला चालेल, सीतेची सोय तुम्ही बघा.