मुद्रक संघटनेच्या ग्रुपवर प्रचार नको : रविवारची चर्चा

बापू, सकाळी ७.४२
सर्व सभासदांस नमस्कार. काल रात्री अकरापासून आज पहाटे सहापर्यंत या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चौदा संदेश आले आणि त्यांतील अकरा एकाच पक्षाच्या प्रचाराचे आहेत. परवा मी छपाईयंत्राचे रबरी ब्लँकेट लवकर उलत असल्याबद्दल एक प्रश्न विचारला होता. तो या प्रचारात इतका वर वाहून गेला की आता माझा मलाच सापडत नाही. मी कोणाचे नाव घेत नाही. ज्यांनी समजायचे त्यांनी समजावे.

अण्णा, ७.५८
बापू, नाव घ्यायला हरकत नव्हती, ते संदेश मीच पाठवले आहेत. निवडणूक तोंडावर आली आहे आणि आपण मुद्रक असलो तरी आधी नागरिक आहोत. मागच्या महिन्यात दुसऱ्या बाजूचे व्यंगचित्र इथे आले तेव्हा आपण त्यावर हसरे चिन्ह टाकले होते. ते अजून तिथेच आहे, पाहून घ्यावे.

ताई (सहसचिव), ८.०५
निवेदनावरील सह्या बाकी आहेत. निवडणूक मजकुराची प्रत आणि प्रकाशकाचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे मजकूर छापून घेणाऱ्याने आपल्या ओळखीबद्दल दिलेले सहीचे पत्र, सरकारी कार्यालयात जमा केल्यावर मुद्रकाला जागच्या जागी पोच मिळावी, एवढीच आपली मागणी आहे. २१४ पैकी ६३ सभासदांच्या सह्या आल्या आहेत. पानावर सही करून त्याचे छायाचित्र मला उद्या दुपारी १२ पर्यंत पाठवावे.

भाऊ, ८.११
अण्णा, पहाटेच्या संदेशात 'उमेदवार' हा शब्द 'उमदेवार' असा पडला आहे. चाळीस वर्षे प्रूफ तपासणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. शिवाय त्यावर अनेकदा पुढे गेलेल्या संदेशाचा दुहेरी बाण आहे, आणि तसा संदेश एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, म्हणजे अण्णांनी आमच्यासाठी रात्रभर एकेक करून कष्ट घेतले आहेत.

बापू, ८.१९
विषय हसण्यावारी नेऊ नये. उद्या कोणी तक्रार केली तर अ‍ॅडमिन म्हणून सचिव आत जातील, याचा विचार कोणी केला आहे काय?

सचिव, ८.३३
मला रात्रीत दोन सभासदांचे फोन आले असून त्यांपैकी एकांनी ग्रुप सोडण्याची भाषा केली आहे. मी कोणत्याही बाजूचा नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी हटवता येतो, परंतु ज्येष्ठ सभासदाचा मजकूर परस्पर पुसणे मला प्रशस्त वाटले नाही.

नाना (माजी अध्यक्ष), ८.५०
बापू, सचिवांना विनाकारण तुरुंगाची भीती घालू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, समान उद्देश किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर केवळ अ‍ॅडमिन असल्याच्या कारणावरून दुसऱ्या सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये अ‍ॅडमिनला असेच दायित्वातून मोकळे ठेवले. तेव्हा प्रचार थांबवायचा तो भीतीपोटी नव्हे, आपल्या धंद्यासाठी थांबवायचा आहे. माझ्या टेबलाच्या खणात आज दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे एकावर एक पडली आहेत. दोन्हींवर प्रकाशकाची सही आहे, दोन्हींवर त्याला ओळखणाऱ्या दोन-दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, आणि दोघांचीही पत्रके एकाच यंत्रावर, एकाच काळ्या शाईत निघणार आहेत. माझे मत कोणाला जाते हे त्या दोघांपैकी एकालाही ठाऊक नाही आणि ते ठाऊक नसण्यावरच माझे दुकान उभे आहे.

अण्णा, ९.०२
नानांना निःपक्षपातीपणाचा उमाळा आलेला पाहून आनंद झाला. स्मरणिकेच्या मलपृष्ठावर कोणाचे छायाचित्र छापले गेले होते, आणि ते कोणाच्या अध्यक्षपदाच्या काळात, हे सर्वांना आठवतच असेल.

नाना, ९.०४
ती जाहिरात होती आणि तिचे पैसे संघटनेच्या खात्यात जमा झाले आहेत. हिशेब ताईंकडे आहे.

ताई, ९.०६
स्मरणिकेचा हिशेब माझ्याकडे आहे आणि तो सभेत मंजूर झालेला आहे. निवेदनावरील सह्या बाकी आहेत. ६३ झाल्या आहेत. मुदत उद्या दुपारी १२.

अक्का, ९.२०
मी इथे सहसा लिहीत नाही. परवा एका पक्षाचे दोन कार्यकर्ते हस्तपत्रकाचे काम घेऊन आले होते. कागद ठरला, आकार ठरला, मी प्रतिज्ञापत्राचा कोरा नमुना त्यांच्यासमोर ठेवला, तेवढ्यात त्यांतील एकाने मोबाइल पुढे केला. त्यावर आपल्याच ग्रुपचा स्क्रीनशॉट होता. वर संघटनेचे बोधचिन्ह आणि खाली अण्णांनी पाठवलेला संदेश. 'तुमची संघटना त्यांचीच दिसते,' एवढेच बोलून ते नमुना तसाच टेबलावर ठेवून निघून गेले. मी त्या संदेशात कुठेच नव्हते, पण काम माझे गेले. हा स्क्रीनशॉट बाहेर कोणी दिला, हे मी विचारत नाही.

भाऊ, ९.२४
अक्का, हे वाईट झाले. मघाची थट्टा मी मागे घेतो.

अण्णा, ९.४१
अक्कांचे काम गेले याचे मला मनापासून वाईट वाटते. तथापि राजकारण पूर्णपणे बाजूला ठेवा, हे म्हणणे मला पटत नाही. आपल्यावरचा कर कोण ठरवतो? कागदावरचे आयात शुल्क कोण ठरवते? ज्या विषयावर आपले पोट अवलंबून आहे तो विषय बोलायचाच नाही, असे असेल तर या ग्रुपवर फक्त सुप्रभात आणि वाढदिवस उरतील.

नाना, १०.०३
अण्णांचा हा प्रश्न मात्र रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा आपल्यापुढे पेच असा होता की, मजकूर ग्राहकाचा आणि कागद आपला असेल तर आपण वस्तू विकतो की सेवा देतो. तीन महिने सगळे गोंधळात होते. शेवटी २० ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने खुलासा झाला की अशा वेळी पुस्तके, पत्रके, माहितीपुस्तिका यांची छपाई ही सेवा धरावी, तर लिफाफे, छापील खोकी यांसारखा माल हा वस्तूंचा पुरवठा समजावा. त्या तीन महिन्यांत आपण सरकारच्या निर्णयावर कडक टीका केली, निवेदने लिहिली, एकमेकांची बिले तपासून दिली, आणि त्या संपूर्ण चर्चेत एकाही पक्षाचे नाव आले नाही. मी तेव्हा अध्यक्ष होतो म्हणून हे सांगत नाही, अण्णांनीच त्यातील सर्वात चांगले टिपण लिहिले होते. धोरणावर हवे तितके भांडावे. अमक्याला मत द्या किंवा तमक्याला पाडा, हे मात्र संघटनेच्या बोधचिन्हाखाली येऊ नये.

बापू, १०.१०
माझेही सकाळपासून हेच म्हणणे आहे. अकरा संदेश आणि ब्लँकेटबद्दल एकही उत्तर नाही.

सचिव, १०.३५
नियमाची भाषा आपल्याला नव्याने शोधण्याची आवश्यकता नाही, ती आपल्या रोजच्या कामातच आहे, असे मला वाटते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७अ नुसार मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते नसलेले निवडणूक पत्रक आपण छापू शकत नाही, आणि छापले तर सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ग्रुपवर फिरणाऱ्या या संदेशांवर तर कोणाचेच नाव नसते. जो मजकूर आपण यंत्रावर चढवला नसता तो आपण अंगठ्याने पुढे ढकलतो. त्याच कलमात उमेदवाराच्या निवडीला साहाय्य किंवा बाध आणण्यासाठी वाटलेला मजकूर आणि केवळ सभेची तारीख, वेळ, स्थळ कळवणारा मजकूर यांत फरक केला आहे. हाच फरक आपण स्वीकारू या. पहिल्या प्रकारचा मजकूर इथे येणार नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो, व्यंगचित्रासह. कायदा, कर, कागद, पोच, थकलेली बिले यांवर बंधन राहणार नाही. आक्षेप असल्यास आज सायंकाळपर्यंत कळवावा.

अण्णा, १०.४४
म्हणजे केवळ सभेची तारीख, वेळ आणि स्थळ कळवले तर चालेल काय? मंगळवारी एक सभा आहे.

भाऊ, १०.४६
थट्टा मागे घेतली होती, पण राहवत नाही. त्याच कलमानुसार हाताने केलेली नक्कल सोडून प्रती काढण्याची कोणतीही रीत म्हणजे मुद्रण. अण्णा अंगठ्याने पाठवतात, त्यामुळे ते हाताच्या नकलेत मोडतात आणि पूर्ण निर्दोष सुटतात.

सचिव, १०.५२
अण्णा, मंगळवारच्या सभेची माहितीही इथे नको, ही नम्र विनंती. कायद्यातील सवलत छपाईला आहे, ग्रुपला नाही.

ताई, १०.५५
निवेदनावरील सह्या बाकी आहेत. अक्कांची आली, ६४ झाल्या. सकाळपासून इथे वीस संदेश झाले आणि सही एक झाली, हे नमूद करून ठेवते.

अण्णा, ११.२०
बरे. कालपासूनचे संदेश मी स्वतःच सर्वांसाठी हटवले आहेत, कारण अडीच दिवस उलटल्यावर तेही जमले नसते. ते व्यंगचित्र आता पाठवणाऱ्यालाही काढता येणार नाही, तेव्हा सचिवांनी ते काढावे. नियम दोन्ही बाजूंना सारखा असेल तर मला मान्य आहे. ताई, निवेदनावर सही करून पान पाठवत आहे.

सचिव, ११.२६
व्यंगचित्र हटवले आहे. धन्यवाद, अण्णा.

ताई, ११.३१
अण्णांची सही मिळाली. मात्र त्यांनी सहीखाली पक्षाची घोषणा लिहिली आहे, त्यामुळे हे पान जोडता येणार नाही. कृपया दुसरे पाठवावे.

अण्णा, ११.४७
सवयीने हात गेला, क्षमस्व. दुसरे पान पाठवले आहे. जाता जाता ताईंची यादी वाचून पाहिली, तीत बापूंची सही मला कुठे दिसली नाही.