ठाणे-नवी मुंबईचा सीएस १.६ सर्व्हर ठेवायचा की आता गुंडाळायचा?

ऐरोलीकर_एके:
मंडळी एक विचारायचंय आणि खरं सांगा, "चालू ठेव भावा" एवढं टाकून पळू नका. आपला काउंटर स्ट्राइक १.६ (सीएस, तो टीम पाडून गोळीबाराचा जुना कॉम्प्युटर गेम) चा सर्व्हर, जो आधी कोपरखैरण्याची पोरं चालवायची आणि त्यांची लग्नं-नोकऱ्या झाल्यावर माझ्या गळ्यात पडला, त्याचं होस्टिंग पुढच्या महिन्यात संपतंय आणि होस्टिंगवाल्याने भाडं वाढवलंय. पैशाचं रडगाणं नाहीये, वर्गणी निघते, पण ती काढायची कोणासाठी? शनिवारी रात्री आठ-दहा जण असतात, तेच ते, कोण कुठल्या डब्यामागे लपणार हे सगळ्यांना पाठ. मधल्या वारी उघडावा तर कधी दोघं, कधी कोणीच नाही, मग मीच डस्ट टू या मॅपवर एकटा भिंतीवर गोळ्या मारत फिरतो आणि बंद करून झोपतो.
माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, बंद करून सगळ्यांनी सीएस टू वर, म्हणजे याच गेमच्या नव्या अवतारावर जायचं. दोन, घरच्या जुन्या पीसीवर सर्व्हर टाकायचा म्हणजे भाडंच नको. तीन, आहे तसा चालू ठेवायचा, जितके दिवस चालेल तितके. काय करू?

घणसोली_घोस्ट:
दादा राग मानू नको पण गेम मेलाय. १.६ आला २००३ मधे, मी तेव्हा जन्मलो पण नव्हतो. माझ्या कॉलेजात कोणालाच माहीत नाही, सगळे व्हॅलोरंट नाहीतर बीजीएमआय. सीएस टू फ्री आहे, मुंबईत सर्व्हर आहेत, घ्या आणि या सगळे.

कळव्याचा_कॅम्पर:
@घणसोली_घोस्ट फ्री आहे रे, पण ८५ जीबी जागा मागतो आणि वर बरं ग्राफिक कार्ड. आपल्यातले निम्मे लोक ऑफिसच्या लॅपटॉपवर खेळतात (आयटीवाल्यांनी वाचू नये). स्टीमवर (गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान) १.६ च्या पानावर किमान गरज म्हणून अजून ५०० मेगाहर्ट्झ प्रोसेसर आणि ९६ एमबी रॅम लिहिलंय, ते वाचून मला दरवेळी भरून येतं. आणि हार्डवेअरचं सोड, गोळी मारायची पद्धतच वेगळी आहे, इतकी वर्षं एके रायफलचा स्प्रे (सलग गोळ्या झाडताना नेम धरायची पद्धत) हातात बसलाय तो तिकडे चालत नाही, आम्ही तिकडे येऊन तुमच्यासारख्यांकडून मार खायचा आणि वर नूब म्हणवून घ्यायचं, नको रे बाबा.
आता ऐरोलीकर, घरच्या पीसीचं. नको करूस. मी करून बसलोय. आजकाल घरगुती ब्रॉडबँडवर बहुतेकांना स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, एकाच आयपीमागे कितीतरी गिऱ्हाईकं कोंबलेली असतात, त्यामुळे राउटरमधे २७०१५ पोर्ट कितीही उघडलास तरी बाहेरून कोणी आत येऊच शकत नाही. आयपीव्ही सिक्स वापर असं कोणीतरी सांगेल, पण गोल्डसोर्स इंजिनला ते कळतच नाही, ते १९९८ च्या हाफ लाइफचं इंजिन आहे. महिन्याला जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेता येतो, पण मग भाडं वाचलं कुठे? आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की सर्व्हर गेला, मॅच पंधरा-चौदावर असताना. लोकांनी मला जे ऐकवलंय ते इथे लिहीत नाही.
त्यापेक्षा होस्टिंग बदल. या गेमला एक कोर आणि थोडी रॅम पुष्कळ झाली, तू उगाच मोठा प्लॅन घेऊन ठेवला असशील. फक्त मशीन मुंबईतलंच बघ. आता ठाण्यातून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) एक आकडी येतो तो सिंगापूरला गेलास की पन्नासच्या पुढे जाईल, मग म्हातारे लोक पण सोडून जातील.

ऐरोलीकर_एके:
प्लॅन मोठा आहे हे खरंय, कोपरखैरण्यावाल्यांनी ३२ स्लॉट (खेळाडूंच्या जागा) भरतील म्हणून घेतला होता, तेव्हा भरायचे पण. बरं, घरचा पीसी कॅन्सल. पण माणसं कुठून आणू हे कोणी सांगेना.

नेरूळची_नेडर:
मी सांगते. तुमचा सर्व्हर मरतोय तो गेम जुना झाला म्हणून नाही, रिकामा दिसतो म्हणून. नवीन माणूस स्टीमची सर्व्हर लिस्ट उघडतो, त्यात रिकामे सर्व्हर लपवायचा फिल्टर लावतो (सगळेच लावतात), की तुमचा सर्व्हर दिसतच नाही. आणि जो चुकून आत येतो तो दोन मिनिटं एकटा थांबतो आणि जातो. मग पाच मिनिटांनी दुसरा येतो, तोही जातो. म्हणजे एका संध्याकाळी सहा लोक येऊन गेले तरी सर्व्हर रिकामाच. सर्व्हरचे लॉग काढून बघ ऐरोलीकर, मी पैजेवर सांगते असंच दिसेल.
उपाय सोपा आहे पण चिकाटी लागते. आठवड्यातला एक मधला वार ठरवा, बुधवार म्हणा, रात्री साडेदहा, आणि त्या वेळेला निदान चौघांनी यायचंच, गेम बोअर झाला तरी अर्धा तास बसायचं. बाकी दिवस विसरा. रोज थोडे थोडे येण्यापेक्षा एका दिवशी सगळे आलेले बरे. आणि पाच-सहा बॉट (कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू) टाकून ठेवा, माणूस आला की एक बॉट आपोआप बाहेर जाईल असं सेटिंग असतं, म्हणजे पहिला येणारा एकटा पडत नाही. पण ते खोटे प्लेयर दाखवणारे प्लगइन लावू नका हां, लिस्टमधे २८ जण आणि आत गेलं की चिटपाखरू नाही, असल्या सर्व्हरमुळेच लोकांचा लिस्टवरचा विश्वास उडालाय.
दुसरं, जरा कडू आहे. नवीन कोणी आलं की तुम्ही त्याला जगू देत नाही. मागे माझी मामेबहीण आली होती, तिच्या हातात अजून पिस्तूलच होतं आणि तीन राउंड लागोपाठ एकाच माणसाने ऑपने (एका गोळीत मारणारी स्नायपर रायफल) उडवली, वर माइकवर हसत होता. कोण ते तुम्हाला माहितीये. ती परत आली नाही. आणि शिव्या म्यूट करा, माझा मुलगा बाजूला अभ्यासाला बसलेला असतो.

कळव्याचा_कॅम्पर:
हसणारा मी नव्हतो एवढं नोंदवून ठेवतो. मी कॅम्प करतो, म्हणजे एका जागी दबा धरून बसतो, हसत नाही.

नौपाडा_नाइन्टीज:
ताई बरोबर बोलल्या. आमचा नौपाड्यात सायबर कॅफे होता, आठ मशीन, लॅनवर १.६, तासाला वीस रुपये. तेव्हा हे प्रॉब्लेम नव्हते कारण नवीन पोरगा आला की तो तुमच्या शेजारच्याच खुर्चीत बसायचा, त्याला फार चिरडलं तर तो उठून वडापाव खायला जायचा आणि माझं गिऱ्हाईक कमी. म्हणून मीच टीम पाडायचो, एक भारी, एक लिंबूटिंबू, अशा जोड्या लावून. ते आजही करा, ऑटो बॅलन्स फक्त डोकी मोजतो, कोण किती भारी ते त्याला कळत नाही.
आणि सीएस टू वाल्या भाच्याला सांगतो, गेम मेला कधी म्हणायचं, तर सर्व्हर चालवणारी कंपनी बंद करायचं ठरवते तेव्हा. आता बऱ्याच गेमचं तसंच आहे, कंपनीने सर्व्हर काढला की तुम्ही पैसे दिलेला गेम पण गेला. १.६ चा सर्व्हर ऐरोलीतला माणूस स्वतः चालवतो, तो नको म्हणेल त्या दिवशी दुसरा कोणी फाइल उचलून चालू करेल. व्हॉल्वने (हा गेम काढणारी कंपनी) २००४ मधे डब्ल्यूओएन, म्हणजे स्टीमच्या आधीचं ऑनलाइन खेळायचं जुनं नेटवर्क बंद केलं तेव्हा पण सगळे म्हणाले होते आता संपलं.

घणसोली_घोस्ट:
बरं काका. 😅 पण मग स्टीमवर घ्यायला लागेल ना, की नॉन-स्टीम, म्हणजे फुकटची कॉपी चालते?

ऐरोलीकर_एके:
स्टीमवर घे, सेलमधे वडापावच्या दोन प्लेटएवढ्या पैशात मिळतो. नॉन-स्टीम मी बंद केलंय, चीटरला बॅन केला की तो दोन मिनिटांत नवीन आयडी घेऊन परत यायचा. आणि हो, जुने मेनू नीट दिसत नसतील तर स्टीममधे गेमच्या प्रॉपर्टीजमधे बीटाखाली जुनी बिल्ड निवडता येते, २०२३ च्या नोव्हेंबरातल्या मोठ्या अपडेटच्या आधीची.
नेरूळताई, लॉग काढले. परवा रात्री नऊ ते बारा, अकरा वेगवेगळे लोक आले आणि एकाही वेळी दोनच्या वर एकत्र नव्हते. जिंकलात पैज. डोक्याला हात लावून बसलोय.
तर, छोटा प्लॅन घेतोय, मशीन मुंबईतलंच. बुधवार साडेदहा, बॉट पाच. ऑप एका टीमला एकच. शिवी दिली की दहा मिनिटं म्यूट, मला पण. टीम नौपाडाकाका पाडतील, त्यावर वाद नाही. आता मॅप सांगा.

कळव्याचा_कॅम्पर:
डस्ट टू.

नेरूळची_नेडर:
डस्ट टू सोडून काहीही. इन्फर्नो ठेवा. आणि कॅम्पर, तुझा माइक पुश टू टॉकवर टाक आधी, मागच्या शनिवारी आम्ही बॉम्ब डिफ्यूज करत होतो आणि तुझ्या घरच्या कुकरच्या शिट्ट्यांनी बीप ऐकू येत नव्हता.

कळव्याचा_कॅम्पर:
चौथ्या शिट्टीला बंद केला होता. इन्फर्नो चालेल पण बनाना मी धरणार, आधीच सांगतो.

घणसोली_घोस्ट:
बनाना म्हणजे कुठे? डाउनलोड लावलाय, बुधवारी येतो.