सारागढी सगळ्यांना पाठ, मालेरकोटला कुणालाच माहीत नाही, असं का?

गोदाकाठ_नाशिक
दर १२ सप्टेंबरला माझ्या प्रत्येक ग्रुपवर सारागढीच्या पोस्टी येतात. इंग्रजी फौजेतले २१ शीख जवान, समोर हजारो पठाण, शेवटच्या माणसापर्यंत लढले. अंगावर काटा येतो, माझ्याही येतो, त्याबद्दल वादच नाही. पण शिखांचा इतिहास म्हणजे गुरु गोविंदसिंग, रणजितसिंग, मग थेट सारागढी आणि मग भगतसिंग, असं आपल्या डोक्यात बसलंय, आणि मधलं जे गळालंय ते बहुतेक सगळं इंग्रजांना अडचणीचं होतं. मला हा योगायोग वाटत नाही.

जानेवारी १८७२, मालेरकोटला. नामधारी शीख, ज्यांना कूका म्हणायचे, बाबा रामसिंगांचे लोक. विलायती कापड घालायचं नाही, सरकारी कोर्टात जायचं नाही, सरकारी नोकरी करायची नाही, हे सगळं गांधीजींच्या असहकाराच्या पन्नासेक वर्षं आधी. त्यातल्या एका जथ्याने मालेरकोटल्यावर हल्ला केला, तो फसला, माणसं पकडली गेली, आणि कॉवन नावाच्या डेप्युटी कमिशनरने त्यांना तोफांच्या तोंडी दिलं. पहिल्या दिवशी तर खटलासुद्धा चालवला नाही. दोन दिवसांत पासष्टच्या आसपास माणसं मारली. कॉवनची नोकरी गेली, बस, एवढंच. रामसिंगांना रंगूनला धाडलं, ते पंजाबात परत आलेच नाहीत.

आणि राणी जिंदां. रणजितसिंगांची बायको, दलीपसिंगाची आई. २९ मार्च १८४९ ला पंजाब खालसा झाला तेव्हा मुलगा दहा वर्षांचा, त्याच्याकडून सही घेऊन राज्यही गेलं आणि कोहिनूरही. आई त्याआधीच मुलापासून तोडलेली, चुनारच्या किल्ल्यात कैदेत, तिथून दासीच्या वेशात निसटून नेपाळला पोचली. मायलेकांची भेट १८६१ मध्ये कलकत्त्यात, तेरा वर्षांनी. १८६३ ला ती लंडनमध्ये वारली. मुलाला तिचे अंत्यसंस्कार पंजाबात करायचे होते, सरकारने पंजाबात पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून १८६४ मध्ये तिचं दहन झालं ते आमच्या नाशकात, गोदावरीकाठी. १९२४ मध्ये नातीने अस्थी लाहोरला नेल्या. ज्या बाईच्या प्रेताचीसुद्धा सरकारला धास्ती होती तिचं नाव नाशकात किती जणांना माहीत आहे?

माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. "शूर, निष्ठावान शीख शिपाई" हे चित्र इंग्रजांनी आपल्या कामासाठी रंगवलं आणि आपण ते अजून भिंतीवर ठेवलंय. सारागढी समाना डोंगररांगेवर, १८९३ ला ड्युरंड रेषा ओढल्यावर चारच वर्षांनी, समोर ओरकझई आणि आफ्रिदी, म्हणजे तिथलेच लोक. ती लढाई हिंदुस्थानसाठी नव्हती.

फौजी_घर
"भिंतीवर ठेवलंय" वगैरे लिहायला सोपं आहे हो. गुरमुखसिंग नावाचा पोरगा हेलिओग्राफवर होता, आरशाने उन्हाचे झोत टाकून लॉकहार्ट किल्ल्याला बातमी देत होता, दिवसभर, एकेक माणूस पडतोय ते कळवत. शेवटी त्याने परवानगी मागितली की आता यंत्र बंद करून रायफल घेतो. परवानगी मिळाली, यंत्र आवरलं, गेला आणि लढला. यात इंग्रजांचं चित्र कुठून आलं? हवालदार ईशरसिंगाच्या त्या तुकडीने वेळ काढला म्हणून गुलिस्तानचा किल्ला वाचला. २१ च्या २१ जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, हिंदी शिपायाला तेव्हा मिळू शकणारं सगळ्यात मोठं शौर्यपदक, कारण व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायाला १९११ पर्यंत मिळतच नव्हता.

आणि मग मराठ्यांचं काय करायचं? यशवंत घाडगे १९४४ ला इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस, माणगावला पुतळा आहे, तोही झाकून ठेवायचा का? शिपाई पलटणीसाठी आणि शेजारच्या गड्यासाठी लढतो. व्हाइसरॉयचे कागद वाचून कुणी खंदकात उतरत नाही.

कट्टा_मेंबर
१८५७ ला शीख इंग्रजांकडून लढले हे पण लिहा की मग.

गोदाकाठ_नाशिक
@कट्टा_मेंबर लिहितो ना. त्याआधी आठ वर्षं ज्या पूरबी, म्हणजे अवध-बिहारकडच्या शिपायांच्या, पलटणींनी इंग्रजांच्या बाजूने पंजाब जिंकला त्याच पलटणी ५७ ला उठल्या होत्या, त्यांच्याबद्दल लाहोर-अमृतसरला माया असायचं कारण काय? आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे कुणाकडून होते ते पण बघा एकदा. अख्ख्या जमातीला गद्दार ठरवायला बसलो तर आपल्यातलं कुणी सुटणार नाही.

दख्खनी_सिंघ
मी नांदेडचा, पिढ्यानपिढ्या इथलेच आम्ही. मूळ पोस्टमधल्या मालेरकोटल्याबद्दल आणि राणी जिंदांबद्दल आभार, मनापासून. पण चित्र इंग्रजांनी रंगवलं हे मी ऐकून घेणार नाही. हा युक्तिवाद पुढे कुठे जातो ते मला माहीत आहे, इंग्रजी पुस्तकांत असंही लिहिलेलं सापडतं की शिखांची वेगळी ओळखच ब्रिटिश फौजेने घडवली, रिक्रूटला पाहुल, म्हणजे खालशाची अमृतदीक्षा, घ्यायला लावली, केस ठेवायला लावले वगैरे.

आता आमच्याकडे बघा. नांदेड निजामाच्या राज्यात, इंग्रजांची शीख भरती पंजाबात. हजूर साहिबचे, म्हणजे इथल्या तख्त गुरुद्वाऱ्याचे, शीख काही लाटसाहेबाच्या हुकमाने केस ठेवत नव्हते. रणजितसिंगांनी कारागीर आणि माणसं पाठवून १८३० च्या दशकात तख्ताची इमारत बांधून घेतली, त्यातले बरेच इथेच राहिले, त्यांची पोरं मराठी-तेलुगू बोलायला लागली, पण अमृत तेच, शस्त्रं तीच, मर्यादा, म्हणजे पूजेची रीत, तर पंजाबपेक्षा जुनी, आजही आरतीच्या वेळी या म्हणजे दिसेल. खालसा १६९९ चा आहे. कंपनीला तेव्हा पंजाबात कुत्रं ओळखत नव्हतं.

आणि "गळालंय" कुणाच्या डोक्यातून? जालंधरला देशभगत यादगार हॉल आहे, तिथे दरवर्षी गदरी बाब्यांचा, म्हणजे परदेशातून इंग्रजांविरुद्ध उठाव रचणाऱ्या गदर चळवळीतल्या क्रांतिकारकांचा, मेळा भरतो, माणसं मुलाबाळांसकट येतात. नामधारी लोक मालेरकोटल्याला दरवर्षी जमतात. विसरला असेल तर महाराष्ट्र विसरलाय, पंजाब नाही.

भीमाकाठ
मला दोन्हीकडचं अर्धंच पटतंय.

@गोदाकाठ_नाशिक, कोरेगावचा स्तंभ पण इंग्रजांनीच उभारला, आपल्या विजयासाठी. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थ बदलला, आता तिथे कुणी कंपनी सरकारचा जयजयकार करायला जात नाही. मग सारागढीच्या गुरुद्वारात माथा टेकणारा माणूस व्हिक्टोरिया राणीला नमस्कार करतो असं तुम्ही कसं धरून चाललात?

पण @फौजी_घर, नुसती शौर्याची गोष्ट सांगून पण चालणार नाही. ज्या लढवय्या जातींच्या सिद्धांताने शिखांची भरती वाढवली त्याच सिद्धांताने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी ठरवलं की अमुक जात लढते आणि तमुक लढत नाही. ज्यांचे आजे-पणजे सुभेदार होते त्यांना एका फटक्यात नालायक ठरवलं. गोपाळबाबा वलंगकरांनी, नंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी भरती परत सुरू करा म्हणून अर्ज केले, काय झालं? सरकारला गरज लागली तेव्हा, १९४१ ला, महार रेजिमेंट उभी राहिली.

शिखांमध्येसुद्धा तेच. मजहबी, म्हणजे दलित जातींतून आलेल्या, शिखांना जाट शिखांच्या पलटणीत जागा नव्हती, त्यांच्या पायोनियर पलटणी वेगळ्या, रस्ते खोदा आणि लढा पण, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला काटकसर म्हणून त्या मोडल्या. गुरूंनी एका बाट्यातून सगळ्यांना अमृत पाजलं होतं आणि फौजेने परत जातीनुसार रांगा लावल्या. सारागढीत २१ शिपायांबरोबर एक स्वयंपाकी पण मेला, दाद नावाचा, लढत मेला असं सांगतात. तो शिपाई नव्हता म्हणून पदकांच्या यादीत नाही. स्टेटस ठेवता त्यात त्याचं नाव असतं का?

फौजी_घर
@भीमाकाठ दादचं नाव असायला पाहिजे, मान्य. बाकी सिद्धांत वाईट होता म्हणून त्यात भरती झालेल्या माणसाचं शौर्य कमी होत नाही, हे मी परत सांगतो.

गोदाकाठ_नाशिक
@दख्खनी_सिंघ नांदेडचा मुद्दा जोरदार आहे. पण मी ओळख घडवली म्हणत नाहीये, निवडली म्हणतोय. शिखांत उदासी साधू होते, केस न ठेवणारे सहजधारी होते, नामधारी होते, सरकारने यातलं जे फौजेला उपयोगी तेवढं उचललं, त्याला इनाम दिलं, कालव्यावरच्या जमिनी दिल्या, आणि जे उलटं बोलत होतं त्याला तोफ किंवा रंगून. इतकंच नाही, दरबार साहिबचा, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिराचा, सरबराह (व्यवस्थापक) अरूडसिंग, सरकारने नेमलेला, त्याने जालियनवाला बागेनंतर त्याच डायरला दरबार साहिबात सिरोपा, म्हणजे मानाचं वस्त्र, दिला. शेकडो माणसं मारणाऱ्याला! हे पंथाने केलं का? नाही, पंथाच्या नावाने सरकारने करवून घेतलं. म्हणून तर गुरुद्वारे अशा माणसांच्या हातून सोडवायला अकाली उठले. १९२१ ला ननकाना साहिब, १९२२ ला गुरु का बाग, तिथे जथ्यामागून जथे शांतपणे लाठ्या खात होते, आणि त्यात पेन्शनर फौजी होते, महायुद्ध लढून आलेले. छातीवर सरकारची पदकं आणि त्याच सरकारच्या पोलिसांची लाठी. हे चित्र का नाही ओ कुणाच्या स्टेटसला?

पश्चिमवारा_व्हँकुव्हर
इथे राहते म्हणून लिहिते. १९१४ ची कोमागाटा मारू इथल्याच बंदरात अडवली. ३७६ प्रवासी, त्यात ३४० शीख. कायदा असा की मायदेशातून न थांबता थेट आलात तरच उतरता येईल, आणि तशी थेट बोटच चालत नव्हती. दोन महिने किनारा समोर दिसतोय, अन्नपाण्याचे हाल, शेवटी लढाऊ जहाज आणून परत हाकललं. कलकत्त्याजवळ बजबजला पोचले तर तिथे गोळीबार, वीसच्या आसपास माणसं गेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ ला.

पण मला त्याआधीचं सांगायचंय. १९०९ मध्ये इथल्या गुरुद्वारात माजी शिपायांनी ठराव केला की इंग्रजांची पदकं आणि वर्दी यापुढे मिरवायची नाही. साम्राज्यासाठी रक्त सांडलं, आणि त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात आम्हाला मजूर म्हणूनसुद्धा घेत नाहीत, हा त्यांचा संताप होता. @फौजी_घर, शिपाई कागद वाचत नाही म्हणता, यांनी वाचले होते. म्हणूनच १९१३ ला अमेरिकेत गदर उभा राहिला आणि त्यातले बरेच जण फौजेतून आलेले होते.

फौजी_घर
ते मला माहीत आहे आणि त्याचा मला अभिमानच आहे. १९१५ ला लाहोर छावणीतल्या २३ कॅव्हलरीचे सवार गदरवाल्यांना मिळाले होते, त्यातल्या १२ जणांना मारलं. तेही शिपाईच होते. मी त्यांना आणि सारागढीवाल्यांना वेगवेगळ्या रांगेत उभं करणार नाही, माझं भांडण एवढंच आहे.

गोदाकाठ_नाशिक
आणि त्याच कटात आपला विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेरेचा, अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला. मेरठच्या घोडदळाच्या लाइनीत बॉम्बसकट सापडला. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात सात जणांना फाशी झाली, पिंगळे, १९ वर्षांचा कर्तारसिंग सराभा, आणि आणखी पाच शीख, जगतसिंग, हरनामसिंग, बख्शीशसिंग आणि सुरैणसिंग नावाचे दोघे. या वर्षी १६ नोव्हेंबरला सातही नावं ग्रुपवर टाकणार आहे. ज्यांना शाळांमध्ये काही करता येईल त्यांनी, खास करून शिरूर-तळेगावकडच्यांनी, मला मेसेज करा.

दख्खनी_सिंघ
नांदेडमधून मी आहे. फक्त पोस्टमध्ये "विसरलेले" लिहू नका. जालंधरवाल्यांना वाचून वाईट वाटेल.

फौजी_घर
मी पण शेअर करीन. १२ सप्टेंबरला सारागढीची पोस्ट मात्र टाकणारच, या वेळी दादच्या नावासकट, आणि त्यावर कुणी "ही आपली लढाई नव्हती" लिहिलं तर परत भांडायला येईन.