उन्हाळ्याच्या सुट्टीत चार वर्षांच्या मुलाच्या दिवसाची घडी कशी बसवावी?

अबोली:
माझा मुलगा नुकताच चार वर्षांचा झाला. बालवाडीला सुट्टी लागली आणि पंधरवड्यातच त्याच्या दिवसाची घडी पार विस्कटली. रात्री साडेअकराच्या आत तो झोपत नाही आणि सकाळी साडेनऊशिवाय उठत नाही. त्यामुळे दुपारचे जेवण तीनपर्यंत लांबते आणि पाचच्या सुमारास, नेमके बाहेर न्यायचे म्हटले की, त्याला पेंग येऊन तासभर झोप लागते. मी घरूनच काम करते आणि दहा ते बारा मला मीटिंगमधून उठता येत नाही. त्या वेळात नाइलाजाने कार्टून लावून द्यावे लागते आणि ते बंद करताना रोज रडारड होते. तासातासाचे वेळापत्रक करून भिंतीवर लावले आहे, परंतु ‘आता काय करायचं?’ हा त्याचा प्रश्न काही थांबलेला नाही. सुट्टीत मुलांना मोकळे सोडावे असे नातेवाइकांचे म्हणणे, तर शिस्त मोडली की पुढे जड जाईल असे माझे. नियम किती कडक असावेत आणि सुरुवात नेमकी कुठून करावी?

शिंपला:
मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे दर सुट्टीनंतर हे चित्र पाहत असते. आपण दिलेल्या वेळांची बेरीज केली तर रात्रीचे १० तास आणि संध्याकाळचा १, अशी ११ तासांची झोप होते. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाच्या झोपेसह १० ते १३ तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे मुलाची झोप कमी नाही, ती फक्त पुढे सरकली आहे, आणि उन्हाळ्यात हे सरकणे महागात पडते, कारण दिवसातले सर्वांत थंड तास तो अंथरुणात घालवतो आणि खेळायला तयार होतो तोवर ऊन चढलेले असते.

म्हणून सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करावी. झोप येत नसलेल्या मुलाला नऊ वाजता अंधारात आडवे केल्याने फक्त कुस्ती होते. त्याऐवजी दर एक-दोन दिवसांनी त्याला पंधरा-वीस मिनिटे लवकर उठवावे आणि उठल्याबरोबर उजेडात आणावे. सकाळच्या प्रकाशाने शरीराचे घड्याळ मागे येते आणि रात्रीची झोप आपोआप अलीकडे सरकते. रात्री याच्या उलट करावे. लहान मुलांच्या डोळ्यांतून मोठ्यांच्या तुलनेने अधिक प्रकाश आत जातो आणि झोप आणणारे मेलाटोनिन त्या प्रकाशाने दबते, त्यामुळे झोपण्यापूर्वीचा तासभर घरातील दिवे मंद ठेवणे आणि स्क्रीन बंद ठेवणे हे अंगाईइतकेच उपयोगी आहे. संध्याकाळचा उजेड लांबत असेल तर जाड पडदा लावावा.

वेळापत्रकाविषयी एवढेच सांगते की या वयाच्या मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम मात्र उत्तम कळतो. ‘साडेदहा वाजता चित्रकला’ या वाक्याचा त्याला काही उपयोग नसतो. ‘बाहेरून आलो की पाणी, पाणी झालं की नाश्ता’ हे तो आठवड्याभरात स्वतःच म्हणू लागतो. आमच्या वर्गात एका दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रे टांगलेली असतात आणि एक गोष्ट संपली की मूल स्वतः उठून ते चित्र उलटे करते. दोन चित्रांच्या मध्ये एक कोरा कागदही असतो. त्या वेळी काय करायचे ते मुलाने ठरवायचे, आणि काहीच न ठरवता तो जमिनीवर लोळत पडला तरी चालते. उठणे, दुपारचे जेवण, विश्रांती आणि रात्रीची झोप या चार वेळा शक्यतो हलू देऊ नयेत. बाकीचे सैल असू द्यावे. त्यामुळे आपले आणि नातेवाइकांचे दोघांचेही म्हणणे राहते.

पाणकावळा:
वरील प्रतिसादाशी सहमत. उन्हाविषयी थोडी भर घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांनुसार या वयाच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटे दम लागेल अशी असावी. हे तीन तास एका दमात करायचे नसतात. सकाळचा दीड तास आणि संध्याकाळचा तासभर बाहेर मिळाला तर उरलेले घरातल्या उड्यांत सहज भरून निघते. साधारण दहा ते चार या वेळात अतिनील किरणांचा मारा सर्वाधिक असतो, तेव्हा मुलांना सावलीत किंवा घरात ठेवावे. घड्याळ जवळ नसेल तर मुलालाच त्याची सावली पाहायला सांगावे: सावली त्याच्यापेक्षा बुटकी झाली की आत यायचे. माझ्या मुलीने हा नियम इतका मनावर घेतला आहे की घरी चलण्याचा आग्रह आता तीच धरते.

लहान मुलांचे शरीर वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्यामुळे बाहेरची उष्णता लवकर घेते, त्यांना घाम कमी येतो आणि खेळाच्या नादात तहान जाणवत नाही. म्हणून ‘पाणी हवं का?’ असे विचारू नये, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेला हातात द्यावा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

संध्याकाळी आम्ही मुलीला जुना रुंद ब्रश आणि छोटी बादली देतो. ती भिंत पाण्याने ‘रंगवते’, दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक वाळलेले असते आणि ती पुन्हा सुरुवात करते. मात्र पाण्याशी खेळताना मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे आणि खेळ संपताच बादली रिकामी करून पालथी घालावी. काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, आणि तेही आवाज न करता.

कवडसा:
दुपारच्या झोपेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी पुष्कळ मुलांची दुपारची झोप सुटत जाते आणि ती जबरदस्तीने टिकवली तर रात्रीची लांबते. माझ्या धाकट्याला आम्ही जेवणानंतर तासभर अंधुक खोलीत पुस्तके घेऊन पडू देतो. झोप लागली तर लागली. मात्र तीननंतर झोपू देत नाही. पाचची डुलकी हेच अबोलीताईंच्या साडेअकराचे कारण असावे.

शिंपला:
विश्रांती पक्की आणि झोप ऐच्छिक, हे मलाही मान्य आहे. फक्त उठण्याची वेळ मागे आणण्याच्या पहिल्या काही दिवसांत मूल दमलेले असते, तेव्हा दुपारी लवकर झोपले तर झोपू द्यावे.

अबोली:
सर्वांचे आभार. झोपेची बेरीज करून पाहण्याचे मला सुचलेच नव्हते. मीटिंगच्या दोन तासांचे काय करावे, तेवढे कृपया सांगा.

कवडसा:
चार वर्षांचे मूल सलग दोन तास एकटे खेळेल ही अपेक्षा ठेवू नये. मीटिंगपूर्वीची दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून पूर्णपणे त्याच्याजवळ बसावे आणि खेळ सुरू करून द्यावा. रंगलेल्या खेळातून उठणे आपल्याला सोपे जाते, नवा खेळ सुरू करणे त्याला अवघड जाते. एक टोपली फक्त याच वेळेसाठी राखून ठेवावी आणि त्यातील वस्तू अधूनमधून बदलाव्यात. टोपली आपल्या नजरेच्या टप्प्यातच हवी. स्क्रीन सुरुवातीला न देता शेवटच्या अर्ध्या तासासाठी ठेवावा. दिवसभरात एक तासापेक्षा अधिक नको, असे वर आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्याच सूचना सांगतात, त्यामुळे अर्धा तास बिनघोर द्यावा. भाग मध्येच न तोडता तो संपला की बंद करावा आणि त्यानंतर रोज न चुकता जेवणाचे ताट यावे. पुढे काय येणार हे ठाऊक असले की रडारड बरीच कमी होते. पहिले तीन-चार दिवस मात्र तो आवाज मीटिंगमधल्यांनाही ऐकू येईल, त्याची आधीच कल्पना देऊन ठेवा.