ट्रॉम्बली म्हणजेच त्रांब्ले: आधी क्वेबेक, मग फ्रान्स

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ट्रॉम्बली घराण्याचं मूळ गाव थेट फ्रान्सच्या नोंदींत शोधलं तर सापडत नाही. सापडणार नाहीच, कारण मधला क्वेबेकचा, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांताचा, टप्पा सुटलाय. ट्रॉम्बली, ट्रेम्बली ही अमेरिकेत कानाला लागेल तशी लिहिलेली 'त्रांब्ले'चीच रूपं.

उत्तर अमेरिकेतले जवळपास सगळे त्रांब्ले एकाच जोडप्याचे वंशज. फ्रान्सच्या पेर्श प्रांतातल्या रांदोने गावचा पिएर त्रांब्ले १६४७ मध्ये क्वेबेकला आला आणि १६५७ मध्ये त्याने ओझान आशोंशी लग्न केलं. मुलं बारा झाली, पण आडनाव पुढे गेलं ते चार मुलग्यांमुळे. पुढच्या पिढ्या क्वेबेकमधल्या शार्लव्हॉ भागात पसरल्या आणि १८३८ पासून तिथून क्वेबेकच्याच साग्ने भागाकडे सरकल्या.

शोध विवाहनोंदींवरून मागे न्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीतून वंशावळीसाठी फक्त बाळाचे आईवडील कळतात. कॅथलिक विवाहनोंदीत वधूवर दोघांचेही आईवडील असतात, तेही आईच्या माहेरच्या आडनावासकट. म्हणजे एका कागदात एक पिढी वर. हे फार मोलाचं आहे, कारण शार्लव्हॉत एकाच वेळी कितीतरी जोसेफ त्रांब्ले सापडतात. नुसत्या नावावर विसंबलात तर चुकीची शाखा जोडली जाते. नवरा-बायकोची जोडी जुळली तरच पुढे जा.

वंशावळ नेमकी अडते ती पुनर्विवाहापाशी. विधवा किंवा विधुर असेल तर पाद्री बहुधा आधीच्या जोडीदाराचंच नाव लिहितो, आईवडिलांचं नाही. तिथे पहिल्या लग्नाची नोंद आधी काढा.